शाळा व्यवस्थापन समिती: निवडून कसं यावं आणि आल्यावर काय करावं

जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा महापालिकेच्या शाळेत तुमचं मूल शिकत असेल, तर त्या शाळेच्या कारभारात पालकांना जागा कायद्यानेच दिलेली आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधलं कलम २१ शाळा व्यवस्थापन समितीबद्दल आहे. अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांतही समिती असते, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिचं काम फक्त सल्ला देण्यापुरतं उरलं. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही. महाराष्ट्रात तिथे पालक-शिक्षक संघ असतो आणि त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून ठरते. पुढचं सगळं सरकारी शाळांबद्दल आहे.

आधी जागांचं गणित

१७ जून २०१० च्या शासन निर्णयानुसार समितीत १२ ते १६ सदस्य असतात. मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव असतात, त्यांना या आकड्यात धरत नाहीत. किमान ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात. म्हणजे १२ जणांच्या समितीत ९ पालक आणि उरलेले तिघे: स्थानिक प्राधिकरणाचा (म्हणजे ग्रामपंचायत, नगरपालिका अशा संस्थेचा) निवडून आलेला एक सदस्य, शिक्षकांनी निवडलेला एक शिक्षक आणि पालकांनी निवडलेला एक शिक्षणतज्ज्ञ किंवा बालविकासतज्ज्ञ. एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. समितीची मुदत दोन वर्षं.

हे गणित पाठ असणं महत्त्वाचं आहे, कारण निवड बिघडते ती इथेच. पालकांची संख्या भरते, पण सभेच्या शेवटी लक्षात येतं की महिला चारच आहेत. मग कोणाला तरी बसवायचं आणि कोणाला तरी घरून न विचारताच घ्यायचं. अशी न विचारता घेतलेली सदस्य पुढे बैठकीला येत नाही, तिचे यजमान येतात. ते समितीचे सदस्य नाहीत, त्यांची सही चालत नाही.

पालक सभेच्या आधी

मुदत कधी संपते ते सचिवांना विचारा, म्हणजे पालक सभा साधारण कधी होईल ते कळेल. सभेची लेखी सूचना किती दिवस आधी निघणार आणि ती सगळ्या वाड्या-वस्त्यांवर पोचणार का, हेही विचारा. नुसती फळ्यावर लिहिलेली सूचना मुलं घरी सांगतातच असं नाही. सभा सकाळी अकराला ठेवली तर मजुरीवर जाणारे पालक येत नाहीत. वेळ संध्याकाळची करून घ्या आणि ही मागणी लेखी द्या.

बहुतेक शाळा इयत्तावार प्रतिनिधी घेतात. म्हणून सगळ्या गावाला भेटत बसण्यापेक्षा तुमच्या मुलाच्या वर्गातल्या पालकांशी बोला. पंचवीस मुलांचा वर्ग असेल तर दोन संध्याकाळी पुरतात. त्यांना विचारा की शाळेत नेमकं काय अडतं. गणवेश उशिरा येतो, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही, वर्गखोली गळते, अशी दोन-तीन कामं समोर येतील. सभेत तीच मांडा. तुमचं नाव सुचवायला एक आणि अनुमोदन द्यायला एक पालक आधीच ठरवून ठेवा. ऐनवेळी सगळे एकमेकांकडे बघत बसतात. मूल शेवटच्या इयत्तेत असेल तर दुसऱ्या कोणाला उभं करा. मूल शाळेतून बाहेर पडलं की तुम्ही पालक सदस्य राहत नाही आणि ती जागा वर्षभरात रिकामी होते.

सभेत आधीच तयार केलेली यादी वाचून दाखवली गेली, तर एकच मागणी करा: प्रत्येक जागेसाठी इच्छुकांची नावं विचारा, एकाहून जास्त असतील तर हात वर करून किंवा चिठ्ठीने मत घ्या आणि मतांचा आकडा इतिवृत्तात लिहा. आवाज चढवण्याची गरज नसते. यादी वाचणाऱ्याला आकडा लिहायला सांगितलं की पुष्कळदा यादीच मागे पडते.

अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालक सभेने निवडायचे नसतात. निवडून आलेली समिती आपल्यातल्या पालक सदस्यांमधून त्यांची निवड करते. सरपंच किंवा शिक्षक अध्यक्ष होऊ शकत नाहीत, कितीही आग्रह झाला तरी. अध्यक्षांची सही हिशेबावर लागते, तेव्हा वाचून सही करणारा माणूस निवडा.

पहिल्या महिन्यात काय मागायचं

सचिवांकडे पाच गोष्टी बघायला मागा: मागचं इतिवृत्त, कॅशबुक, साठा रजिस्टर, पोषण आहाराच्या नोंदवह्या आणि यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-प्रणालीत, भरलेली माहिती. शेवटची बहुतेक जण विसरतात. शाळेत पाणी, स्वच्छतागृह, रॅम्प, कुंपण आहे की नाही, हे वरच्या कार्यालयांना तिथूनच दिसतं. कागदावर रॅम्प 'आहे' असेल, तर रॅम्पसाठी पैसे मागण्यात अर्थ उरत नाही.

बैठक महिन्यातून किमान एकदा व्हायला हवी. इतिवृत्त बैठकीतच लिहून, वाचून, मग सह्या. कोऱ्या पानावर सही करू नका आणि शेवटच्या ओळीखाली रिकामी जागा सोडू देऊ नका. ठरावात काम, रक्कम, कोण करणार आणि कधीपर्यंत, एवढं हवं. 'स्वच्छतागृहाबाबत चर्चा झाली' हा ठराव नव्हे. 'मुलींच्या स्वच्छतागृहाची टाकी व नळजोडणी संयुक्त शाळा अनुदानातून या महिनाअखेर करावी, दरपत्रकं अमुक सदस्यांनी आणावीत' असा ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे ठेवता येतो. प्रत पाठवली की पोच घ्या.

पैसा

समग्र शिक्षा अभियानातलं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. योजनेच्या निकषांत ३१ ते १०० पटाला वर्षाला २५,००० रुपये, १०१ ते २५० ला ५०,००० आणि २५१ ते १,००० ला ७५,००० रुपये धरले आहेत. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. हा पैसा वर्षाच्या शेवटी घाईत उडतो. मार्चमध्ये आठ दिवसांत खर्च दाखवायचा म्हणून रंगरंगोटी होते आणि गळकं छत तसंच राहतं. म्हणून पावसाळ्यातच कामांची क्रमवारी ठरवून ठेवा.

खरेदीला किमान तीन दरपत्रकं घ्या. तिन्हींवरचं अक्षर एकच असेल, तर ती तीन नव्हेत. सदस्याच्या नातेवाइकाचं दुकान असेल तर त्या सदस्याने त्या निर्णयातून बाजूला राहावं आणि तसं इतिवृत्तात यावं. गणवेशाच्या दोन जोडांसाठी प्रति विद्यार्थी ६०० रुपये धरलेले असतात. त्यात कापडाचा नमुना एकदा धुऊन बघून मगच मागणी द्या.

पोषण आहाराचा हिशेब कोणालाही जमतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम. आज लहान ६२ आणि मोठी २८ मुलं हजर असतील, तर ६.२ अधिक ४.२, म्हणजे १०.४ किलो तांदूळ निघायला हवा. हजेरीपट, साठा आणि पातेलं या तिन्हींचा मेळ महिन्यातून दोनदा न सांगता बघा. वाटपाआधी चव घेऊन चव नोंदवहीत खरा शेरा लिहा. रोज 'उत्तम' लिहिलेली वही तक्रारीच्या वेळी उपयोगी पडत नाही.

शाळा विकास आराखडा

कलम २२ खाली समितीने तीन वर्षांचा आराखडा करायचा असतो, त्यात प्रत्येक वर्षाचा उपआराखडा. इयत्तावार अपेक्षित पट, लागणारे जादा शिक्षक, वर्गखोल्या व सोयी आणि त्यासाठीचा पैसा असे त्याचे भाग. डिसेंबरअखेर मसुदा तयार ठेवा, म्हणजे मार्चच्या आत सह्या होऊन तो स्थानिक प्राधिकरणाकडे जातो. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात शाळेची कामं यायची असतील, तर ठराव ग्रामसभेत मांडा. नुसतं सरपंचांच्या कानावर घालून भागत नाही.

शिक्षकांची मागणी करताना कायद्याचं परिशिष्ट बघा: पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. पण प्रत्यक्ष पदं संचमान्यतेतून, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवणाऱ्या सरकारी प्रक्रियेतून, मिळतात आणि तिला ३० सप्टेंबरचा पट धरतात. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची मुलं पटावर आहेत का आणि कोणाच्या आधारची नोंद अडली आहे का, हे ऑगस्टमध्येच तपासा. ऑक्टोबरमध्ये केलेल्या अर्जांना त्या वर्षी फारसा उपयोग नसतो.

समितीला शिक्षकाची बदली करता येत नाही, पगार अडवता येत नाही. शिक्षक वारंवार गैरहजर असेल, तर तारखा लिहा, ठराव करा, केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा. मुलाच्या हक्काबाबत कोणालाही कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायचा असतो आणि त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जातं. वर्गात जाऊन शिक्षकाला मुलांसमोर जाब विचारणं मात्र टाळा. त्यानंतर तुमचा ठराव वैयक्तिक भांडण म्हणून बाजूला पडतो.

मुदत संपताना साठा रजिस्टर हातात घेऊन प्रत्यक्ष वस्तू मोजा, अपूर्ण ठरावांची यादी नव्या समितीच्या पहिल्या इतिवृत्तात लिहून द्या आणि बँकेतल्या सह्या बदलून घ्या. सही तशीच राहिली, तर पुढच्या खर्चाचा जाबही तुम्हालाच विचारला जाऊ शकतो.