तिकीट एकच काढा, मुक्काम मध्ये करा

रेल्वेचं भाडं किलोमीटरला अमुक रुपये असं सरळ लागत नाही. अंतर वाढेल तसा दर किलोमीटरचा भाव उतरत जातो. कोल्हापूरहून भुसावळ, तिथे दोन दिवस राहून पुढे नागपूर, असा बेत असेल आणि दोन वेगळी तिकिटं काढलीत, तर दुसऱ्या तिकिटाची मोजणी पुन्हा सुरुवातीच्या महाग टप्प्यापासून होते. त्यापेक्षा कोल्हापूर ते नागपूर एकच तिकीट घ्या आणि भुसावळला प्रवास तोडा. याला ‘ब्रेक जर्नी’ म्हणतात. हा आपला हक्क आहे, पण फार थोडे लोक तो वापरतात.

तिकीट ५०० किलोमीटरच्या वरचं हवं. १,००० पर्यंत एक मुक्काम, त्यापुढे दोन. पहिला मुक्काम ५०० किलोमीटर झाल्यावरच. भुसावळ कोल्हापूरपासून पाचशेच्या बरंच पुढे आहे, म्हणून चालतं. सव्वातीनशेच्या आसपास असलेल्या पुण्याला उतरलात तर चालणार नाही. मुक्काम दोन दिवसांचा, त्यात उतरायचा आणि निघायचा दिवस धरत नाहीत. म्हणजे सोमवारी उतरलात तर गुरुवारी निघता येतं. राजधानी, शताब्दी, जनशताब्दीला ही सवलत नाही.

आरक्षण खिडकीवर जा. फॉर्मवर पहिली गाडी लिहा, पुढच्या प्रवासाच्या रकान्यात दुसरी गाडी आणि तारीख लिहा, ‘व्हाया भुसावळ’ स्पष्ट लिहा आणि ब्रेक जर्नी हवी असं तोंडानेही सांगा. भुसावळला उतरल्यावर स्टेशनमास्तर किंवा टीसीकडून तिकिटावर स्टेशनचा कोड, तारीख आणि सही घ्या. नेमकं इथेच चुकतं: सही नसेल तर पुढच्या गाडीत विनातिकीट धरू शकतात. ऑनलाइन काढलेले दोन पीएनआर एकमेकांना जोडता येतात, पण त्याने पहिली गाडी उशिरा येऊन दुसरी चुकली तर परताव्याला मदत होते. भाडं घटत नाही.

ऑनलाइनच काढायचं असेल तर पैसे यूपीआयने भरा. सेवाशुल्क बिगर-एसीला १५ ऐवजी १० रुपये, एसीला ३० ऐवजी २० रुपये, वर जीएसटी. शुल्क माणशी नसून तिकिटामागे असतं, तेव्हा सहा जणांपर्यंत एकाच तिकिटावर घ्या. खिडकीवर हे शुल्कच नाही.

१२, २० किंवा २२ ने सुरू होणारा गाडी क्रमांक म्हणजे सुपरफास्ट. स्लीपरला माणशी ३० रुपये जादा, थर्ड एसीला ४५. त्याच वेळेला साधी एक्सप्रेस असेल आणि तासाभराचाच फरक असेल, तर चौघांच्या कुटुंबाने ती जरूर बघावी.

पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ घेतलात की पूर्ण भाडं, नको म्हटलंत तर अर्धं. दिवसाच्या प्रवासात मूल मांडीशी बसतं; रात्रीच्या लांबच्या प्रवासात मात्र इथे काटकसर करू नका, सगळ्यांचीच झोप जाते.