विजेट लागेल तेव्हाच आणा: रिक्वायरजेएस आणि जेक्वेरी यूआय

जुन्या ॲडमिन पॅनलची देखभाल हे माझं रोजचं काम. अशा पानाचा सोर्स उघडला की तळाशी स्क्रिप्ट टॅगची रांग दिसते: जेक्वेरी, मग जेक्वेरी यूआयची, म्हणजे डायलॉग, टॅब अशा तयार विजेटांच्या संचाची, अख्खी फाइल, मग चारदोन प्लगिन आणि शेवटी पानाची स्वतःची स्क्रिप्ट. पानावर तारखेचा एकच रकाना असला तरी स्लायडर, टॅब, ॲकॉर्डियन सगळं उतरवलं जातं. रांगेतला एक टॅग कुणी वरखाली केला की कन्सोलमध्ये लाल ओळ. ही रांग काढून तिथे रिक्वायरजेएस, म्हणजे जावास्क्रिप्टच्या फाइली लागतील तशा आणणारा लोडर, कसा बसवायचा ते सांगते. अगदी नवा प्रकल्प असेल तर ब्राउझरचं स्वतःचं इम्पोर्ट वापरा, माझंही मत तेच आहे. पण मजेंटो २ किंवा मूडलवर काम करणाऱ्याला हा लोडर कळल्याशिवाय गत्यंतर नाही.

आधी आवृत्ती बघा. जेक्वेरी यूआयमध्ये एएमडीची, म्हणजे आपल्याला काय लागतं ते फाइलनेच लोडरला सांगण्याच्या पद्धतीची, सोय १.११ पासून, म्हणजे २०१४ पासून आहे. १.१२ पासून विजेटच्या फाइली 'यूआय' फोल्डरमधल्या 'विजेट्स' या पोटफोल्डरमध्ये गेल्या, त्यामुळे १.११ साठी लिहिलेले पत्ते पुढच्या आवृत्तीत चालत नाहीत. १.१० किंवा त्याआधीची आवृत्ती असेल तर कॉन्फिगमध्ये शिम लिहून 'हिला जेक्वेरी लागते' असं लोडरला सांगावं लागतं. शक्य असेल तर शिमच्या नादी न लागता आवृत्तीच वाढवा.

आता कॉन्फिग. लोडरच्या टॅगवर डेटा-मेन लिहून मुख्य फाइल द्यायची पद्धत आहे. पण ती फाइल असिंक्रोनस येते. पानात खाली कुठे रिक्वायरची, म्हणजे फाइल मागवणाऱ्या फंक्शनची, हाक असेल, तर कॉन्फिग पोचायच्या आत ती चालून जाऊ शकते आणि लोडर भलत्याच फोल्डरमध्ये फाइल शोधत बसतो. म्हणून मी लोडरच्या टॅगला लागूनच एका छोट्या स्क्रिप्टमध्ये कॉन्फिग ठेवते. त्यात तीनच गोष्टी: बेसयूआरएल (फाइली शोधायचं मूळ फोल्डर), आणि 'पाथ्स'च्या यादीत जेक्वेरीचा पत्ता आणि जेक्वेरी यूआयच्या 'यूआय' फोल्डरचा पत्ता. पत्त्याच्या शेवटी डॉट जेएस लिहायचं नाही, ते लोडर स्वतः जोडतो.

जेक्वेरीच्या नावात मोकळीक नाही. १.७ आवृत्तीपासून जेक्वेरी स्वतःची नोंद ठरलेल्या नावाने करते, सगळी अक्षरं लहान आणि मागेपुढे काही नाही. तुम्ही तिला 'लिब/जेक्वेरी' म्हणून मागवलंत तर फाइल येते, नेटवर्क टॅबमध्ये दिसतेही, पण कॉलबॅकमध्ये, म्हणजे फाइली आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, हातात पडतं ते अनडिफाइन्ड. फाइल हवी त्या फोल्डरमध्ये ठेवा, आवृत्तीचा आकडाही फाइलच्या नावात चालेल. पाथ्समधली किल्ली मात्र तीच हवी.

पुढच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त लोक अडखळतात, म्हणून तो सावकाश बघू. डायलॉगची फाइल उघडा. तिच्या सुरुवातीलाच डिफाइनच्या यादीत तिला काय काय लागतं ते लिहिलेलं आहे: शेजारच्या बटण, ड्रॅगेबल, माउस आणि रिसायझेबल या फाइली, आणि एक पायरी वरच्या फोल्डरमधल्या पोझिशन, कीकोड, विजेट वगैरे. हे सगळे पत्ते एक टिंब किंवा दोन टिंबांनी सुरू होतात, म्हणजे सापेक्ष आहेत. आणि रिक्वायरजेएस ते मोजतो मॉड्यूलच्या (लोडर आणतो त्या प्रत्येक फाइलच्या) मागवताना घेतलेल्या नावापासून, फाइल डिस्कवर कुठे आहे त्यावरून नाही. कुणी सोय म्हणून पाथ्समध्ये थेट 'डायलॉग' अशी किल्ली करून तिला पूर्ण पत्ता दिला, तर डायलॉग बरोबर येतो, पण शेजारचं बटण लोडर बेसयूआरएलमध्ये शोधतो आणि एकामागून एक ४०४ सुरू होतात. पत्ता पुन्हा पुन्हा तपासून काही मिळत नाही, कारण तो बरोबरच असतो. म्हणून किल्ली फोल्डरला द्या, फाइलला नको. 'जेक्वेरी-यूआय' ही किल्ली 'यूआय' फोल्डरकडे वळवा आणि विजेट मागताना 'जेक्वेरी-यूआय/विजेट्स/डायलॉग' असं पूर्ण नाव घ्या. मग बटण, ड्रॅगेबल आणि बाकीची मंडळी न सांगता आपापल्या जागेवरून येतात.

वापरताना रिक्वायरला नावांची यादी द्यायची आणि पुढे कॉलबॅक. यादीतला क्रम आणि कॉलबॅकच्या पॅरामीटरचा क्रम एकच असतो, फाइली कुठल्या क्रमाने उतरल्या याच्याशी त्याचा संबंध नाही. जेक्वेरी यूआयची विजेटं जेक्वेरीलाच जोडली जातात, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळा पॅरामीटर सहसा लागत नाही. म्हणून यादीत जेक्वेरी पहिली आणि विजेटं शेवटी, म्हणजे मधले पॅरामीटर घसरत नाहीत.

एका बाबतीत मी हट्टी आहे: ज्या मॉड्यूलमध्ये डायलॉग वापरलाय, त्याच मॉड्यूलच्या यादीत डायलॉग लिहिलेला हवा. दुसऱ्या कुठल्या तरी मॉड्यूलने तो आधीच आणलाय यावर विसंबू नका. कॅश भरलेली असते तेव्हा असा कोड सुरळीत चालतो आणि पहिल्यांदाच पान उघडणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये 'डायलॉग हे फंक्शन नाही' म्हणून पडतो. डेव्हलपर टूलमध्ये कॅश बंद करा, नेटवर्कचा वेग कमी करा आणि पान पुन्हा पुन्हा लोड करा. यादीत राहून गेलेलं नाव असंच उघडं पडतं.

डायलॉग क्लिक केल्यावरच लागत असेल तर रिक्वायर क्लिकच्या हँडलरमध्येच लिहा. फाइल एकदा आली की लोडर ती पुन्हा मागत नाही, पण कॉलबॅक दर क्लिकला चालतो. त्यामुळे इव्हेंट जोडायचं काम त्या कॉलबॅकमध्ये ठेवलंत तर दुसऱ्या क्लिकनंतर फॉर्म दोनदा सबमिट होईल. शिवाय मॉड्यूल आधीच आलेलं असलं तरी कॉलबॅक थोडा नंतरच चालतो, तेव्हा रिक्वायरच्या खालच्या ओळीत डायलॉग तयार आहे असं धरून चालू नका. फाइल येईपर्यंत बटण डिसेबल करा. संथ नेटवर्कवर माणूस एकच बटण चारदा दाबतो, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही. बटणावर फोकस येताच कॉलबॅकशिवाय नुसतं रिक्वायर केलं, तर क्लिक होईपर्यंत फाइली वाटेला लागलेल्या असतात.

रिक्वायरचा तिसरा आर्ग्युमेंट म्हणजे चूक झाल्यावरचा कॉलबॅक. तो कुणी लिहीत नाही, आणि मला ते फार खटकतं. मॉड्यूल आलं नाही तर लोडर ७ सेकंदांनी टाइमआउट देतो. ही मुदत वेटसेकंड्सने वाढवता येते आणि शून्य दिलं तर मुदतच राहत नाही. चूक झाल्यावरच्या या कॉलबॅकमध्ये न आलेल्या मॉड्यूलची नावं मिळतात. त्यांच्यावर अनडेफ चालवा, बटण पुन्हा चालू करा आणि 'पुन्हा प्रयत्न करा' असं स्पष्ट लिहा. अनडेफ केल्यावर पुढच्या क्लिकला लोडर ती फाइल नव्याने मागतो.

सीएसएस मात्र रिक्वायरजेएस स्वतःहून आणत नाही. थीमची फाइल नेहमीच्या लिंक टॅगने हेडमध्ये ठेवा, नाहीतर डायलॉग क्षणभर उघडाबोडका दिसतो.

कन्सोलमध्ये 'मिसमॅच्ड अनॉनिमस डिफाइन' आलं तर बहुतेक वेळा जेक्वेरी यूआयची जुनी अख्खी फाइल लोडरच्या टॅगनंतर कुठे तरी तशीच राहिलेली असते. तीही आता डिफाइन वापरते, पण स्वतःचं नाव सांगत नाही, आणि लोडरने तिला मागवलेलं नसतं. तो टॅग शोधून काढून टाका. शोधायला सोपं जातं, कारण लोडरने स्वतः घातलेल्या प्रत्येक स्क्रिप्ट टॅगवर डेटा-रिक्वायरमॉड्यूल हा ॲट्रिब्यूट असतो आणि त्यात मॉड्यूलचं नाव. ज्याच्यावर तो नाही, त्याच्याकडे आधी बघा.

शेवटी बिल्ड. आरजेएस ऑप्टिमायझर (रिक्वायरजेएसचं फाइली एकत्र करणारं साधन) फंक्शनच्या आत लिहिलेलं रिक्वायर आपणहून मुख्य फाइलमध्ये ओढत नाही, आपल्याला तेच हवं असतं. पण मग क्लिकनंतर डायलॉगच्या डझनभर फाइली सुट्या येतात. त्यासाठी बिल्डच्या मॉड्यूल्स यादीत दोन नोंदी करा: एक मुख्य फाइलची, दुसरी डायलॉगची. डायलॉगच्या नोंदीत एक्सक्लूडमध्ये मुख्य फाइलचं नाव द्या, म्हणजे जेक्वेरी दोन ठिकाणी भरली जात नाही. बिल्ड झाल्यावर कॅश बंद ठेवून पान उघडा आणि बटण दाबा: क्लिकनंतर नेटवर्क टॅबमध्ये स्क्रिप्टची एकच नवी ओळ यायला हवी. जास्त आल्या तर कुठलं मॉड्यूल बिल्डमधून सुटलं ते त्या ओळींतल्या फाइलच्या नावांवरूनच कळतं.