तंबूत अंथरायचं काय? निघण्याआधीची तयारी
डिसेंबर लागला की कोल्हापुरातल्या प्रत्येक ग्रुपात एकजण तंबू आणायचं कबूल करतो आणि दुसरा जाहीर करतो, "एअरबेड माझ्याकडं लागला, घरच्यागत झोप लागंल." या दुसऱ्याला जरा थांबवा. मटण किती किलो घ्यायचं यावर आपल्याकडं दोन दिवस चर्चा चालते आणि अंथरुणाचं आदल्या रात्री बघतात. मग पहाटे तीनला निम्मी मंडळी शेकोटी उकरत बसलेली असतात.

सगळ्यात आधी विचारायचं ते हे, की तंबूपर्यंत गाडी जाते का? राधानगरीकडं धरणाच्या पाण्यालगत कुणाच्या रानात उतरणार असाल, तर चार-पाच किलोचा डबल एअरबेड डिकीत खुशाल टाका. चालत जायचं असेल तर त्याचं नाव काढू नका. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड करणाऱ्यांना तर त्याचा काडीचा उपयोग नाही. मुक्काम एखाद्या वाडीतल्या सोप्यात किंवा शाळेच्या व्हरांड्यात, कपडे ओले, सगळीकडं चिखल. तिथं गुंडाळायची फोमची मॅटच बरी. ती पाणी पीत नाही, पुसली की कोरडी होते आणि वजनाला अर्धा किलोच्या आतबाहेर असते.

मग जमीन बघा. मसाई पठारासारखा जांभ्याचा सडा आणि नदीकाठचं मळीचं रान यांत फार फरक आहे. (पठारावर किंवा दाजीपूरच्या जंगलात मुक्काम करायचा तर वनखात्याला आधी विचारून घ्या.) जांभा वरून सपाट दिसतो, पण हात फिरवला की त्याची टोकं लागतात. शिवाय करवंदीचे वाळलेले काटे असतातच. तेव्हा आधी खडे वेचा, मग ताडपत्री, तिच्यावर तंबू. ताडपत्री तंबूच्या बुडापेक्षा चार बोटं लहानच हवी. बाहेर आली तर दहिवराचं पाणी तिच्यावरून ओघळून तंबूखाली साचतं.

आता थंडी. लोक गादी मऊ आहे का ते दाबून बघतात, ऊब धरते का हे कुणी विचारत नाही. स्लीपिंग बॅग कितीही भारी असो, अंगाखाली दबली की तिच्यातली हवा निघून जाते, आणि ऊब धरून ठेवते ती हवाच. म्हणजे जमिनीचा गारठा अडवायचं काम खालच्या मॅटचं. पण मग एअरबेडात तर हवाच हवा, तरी तो गार का पडतो? कारण ती हवा एका मोठ्या पोकळीत मोकळी असते. तुम्ही कूस बदलली की ती ढवळते आणि खालच्या कातळानं गार केलेली हवा पाठीखाली येते. फोममध्ये तीच हवा बारीक बारीक कप्प्यांत अडकलेली असते, तिला हलायला जागा नसते.

याचं माप म्हणजे आर-व्हॅल्यू. आकडा मोठा तितका गारठा कमी. २०१८ मध्ये एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेचं एफ३३४० हे मोजणीचं मानक आलं, त्याआधी प्रत्येक कंपनी आपल्या सोयीनं मोजायची. साधा एअरबेड बहुतेक १ च्या खालीच राहतो, फोमची मॅट १ ते २ च्या दरम्यान. आत फोम असलेली, वॉल्व्ह उघडला की आपोआप फुगणारी मॅट घेतली तर आकडा आणखी वर जातो. आपल्याकडच्या हिवाळ्याला २ ते ३ पुरे. ५-६ वाल्या मॅटा हिमालयातल्या बर्फासाठी, त्यावर पैसे घालवू नका. आणि एकावर एक दोन टाकल्या तर आकड्यांची बेरीज होते. म्हणून एअरबेडच न्यायचा असेल तर खाली फोम टाका, काट्यापासूनही राखण होते, आणि वर घोंगडं अंथरा. घरात पट्टणकोडोलीकडचं धनगरी घोंगडं पडून असेल तर ते इथं कुठल्याही महागड्या चादरीला भारी पडतं. वाकळ मात्र जमिनीला लावू नका. सुती कापड ओल ओढतं आणि सकाळी ती उचलवत नाही.

विकत घेतलेली वस्तू घरी शहाबादी फरशीवर टाकून एक रात्र झोपून बघा. दुकानात दोन मिनिटं पाठीवर पडून काही कळत नाही. कुशीवर झोपणाऱ्यानं माकडहाड नव्हे, कंबरेची बाजू टेकते का ते बघायचं. पातळ फोमवर ती टेकतेच, त्यांना सात-आठ सेंटीमीटर जाडीची फुगणारी मॅट लागते. पाठीवर झोपणाऱ्याचं दोन सेंटीमीटरवर भागतं. बरोबर आईवडील असतील तर हिशेबच वेगळा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवरून उठणं जड जातं, त्यांना उंच एअरबेड किंवा घडीची खाट द्या. खाटेखालूनही वारं फिरतं, तेव्हा तिच्यावरही फोम हवाच.

टेप घेऊन तंबू आतून मोजा. दोन माणसांचा म्हणून विकलेला तंबू बुडाशी साधारण १३०-१४० सेंटीमीटर रुंद असतो आणि डबल एअरबेडही जवळपास तेवढाच. वर तंबूच्या भिंती आत कललेल्या. मग बेड कापडाला घासतो आणि तिथून पाणी पाझरतं. सिंगल मॅटा ५०-५५ सेंटीमीटरच्या असतात, दोन आरामात बसतात. बेड तंबूच्या आतच फुगवा, फुगलेला दारातून जात नाही.

पंप घरीच लावून बघा, तोटी वॉल्व्हला बसते का तेवढं. तोंडानं फुगवू नका, श्वासातली ओल आत राहून बुरशी धरते. संध्याकाळी टम्म फुगवलेला बेड रात्री ढिला पडला म्हणून लगेच पंक्चर शोधत बसू नका. ३० अंशांवरची हवा १५ वर आली की साधारण पाच टक्के आकसते. झोपण्याआधी थोडी हवा भरा. सकाळी ऊन चढायच्या आत तेवढीच सोडा, नाहीतर शिवण फाटते.

आणि ठिगळांचं पाकीट बेडाबरोबर आलेलंच न्या. सायकलच्या ट्यूबचं सोल्युशन बेडाच्या पीव्हीसी प्लास्टिकला नीट धरत नाही. भोक शोधायला साबणाचं पाणी, पुसायला कोरडं फडकं. डिंक वाळायला पाकिटावर लिहिलाय तेवढा वेळ द्यावा लागतो, म्हणून पंक्चर दिसलं तर ते काम चहाच्या वेळीच उरकायचं, जेवणं झाल्यावर नाही.