दहावीची श्रेढी आणि सुटलेला एक

दहावीच्या पूर्वपरीक्षेत चुकलेलं एक गणित मला अजून आकड्यांसकट पाठ आहे. सातने भाग जाणाऱ्या तीन अंकी संख्या किती आणि त्यांची बेरीज किती? पहिली १०५, शेवटची ९९४. मी वजाबाकी केली, ८८९ आले, सातने भागून १२७. मग बेरजेच्या सूत्रात घालून उत्तर लिहिलं, ६९,७८६.५. पूर्ण संख्यांच्या बेरजेत अर्धा आलाच कुठून, हे त्या घाईत दिसलंच नाही. बरोबर उत्तर १२८ संख्या आणि बेरीज ७०,३३६.

श्रेढीचं, म्हणजे सारख्या फरकानं बदलत जाणाऱ्या संख्यांच्या रांगेचं, सूत्र येत नव्हतं असं नाही. पहिलं पद ए, फरक डी, पदं एन, शेवटचं पद म्हणजे ए अधिक (एन वजा एक) गुणिले डी, सगळं झोपेतही सांगितलं असतं. एन मधून एक का वजा करायचा, एवढंच कळलं नव्हतं.

ते कळलं रानात. जानेवारीत पेपर झाले आणि आमच्याकडं करवीर तालुक्यात सुरू हंगामातल्या उसाची लावण निघाली. साडेचार फुटी सरी सोडलेली. आबांनी विचारलं, "पयल्या सरीपास्नं धाव्या सरीपर्यंत किती फूट?" मी पटकन म्हणालो, पंचेचाळीस. त्यांनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन ते चालत गेले. साडेचाळीस भरलं. "सऱ्या धा, पर मधली अंतरं नऊच की रं," एवढंच बोलून ते पाण्याकडं वळले.

ही गोष्ट नीट समजून घ्या, बाकीचा धडा त्यामानानं सोपा आहे. डी हे अंतर आहे, पद नव्हे. दहाव्या पदापर्यंत पोचायला नऊच उड्या लागतात, म्हणून पहिल्या पदात नऊ वेळा डी मिळवायचा. उलट जाताना, शेवटच्या पदातून पहिलं वजा करून डी ने भागलं की हाती येतात त्या उड्या. पदं हवी असतील तर त्यात एक मिळवा. माझा तोच एक राहिला. अकराव्या ते विसाव्या पदांची बेरीज विचारली तरी हाच खड्डा असतो. वीस पदांच्या बेरजेतून पहिल्या दहांची वजा करायची, अकरांची नाही, कारण अकरावं पद आपल्याला हवं आहे.

भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त श्रेढीव्यवहार नावाचं प्रकरण आहे. त्यात शेवटचं पद काढायच्या सूत्राची सुरुवातच 'व्येकपद' अशी होते, म्हणजे पदांच्या संख्येतून एक वजा. त्याला चयाने गुणायचं, म्हणजे आपल्या डी ने, आणि मुख मिळवायचं, म्हणजे पहिलं पद. शाळेत हे कुणी सांगितलं असतं तर सूत्र इतकं परकं वाटलं नसतं.

क्लासमध्ये मला 'शेवटचं वजा पहिलं, भागिले फरक' अशी युक्ती मिळाली होती. वेळ वाचतो म्हणून आम्ही सगळ्यांनी ती घेतली, आणि त्यातला शेवटचा 'अधिक एक' कुणाच्याच वहीत उतरला नव्हता. माझं स्पष्ट मत आहे, श्रेढी पक्की होईपर्यंत युक्त्यांना हात लावू नका. आणि 'का' विचारल्यावर जे चिडतात, त्यांच्याकडून गणित शिकू नका, मग त्यांचा निकाल कितीही चांगला लागो.

घाबरू मात्र नका. चाळीस गुणांच्या बीजगणितात हा प्रकार हमखास गुण देणारा आहे. घटत्या श्रेढीत डी ऋण घ्या, एन अपूर्णांकात आला तर तिथंच थांबून मागं बघा. आणि अडलात तर ५, ८, ११, १४ अशी चारच पदं कागदावर मांडून मधल्या जागा बोटानं मोजा. बोर्डाच्या पेपरातही मी कोपऱ्यात चार उभ्या रेघा मारल्या होत्या, सरीसारख्या, आणि मधल्या तीन जागा मोजूनच पुढं गेलो.