कॅलिफोर्नियात दिवाणी दाव्याच्या ज्युरीवर बसताना

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की आज ना उद्या ज्युरीचं समन्स टपालाने येतं. ग्रीन कार्ड असलेल्यांनाही कधी कधी ते येतं. त्यांना ज्युरीवर बसता येत नाही. तसं फॉर्मवर कळवून टाकायचं. पुढचं सगळं कॅलिफोर्नियाच्या राज्य न्यायालयांतल्या दिवाणी दाव्यांबद्दल आहे: अपघाताची भरपाई, करारभंग वगैरे. फेडरल कोर्टाचे नियम काहीसे वेगळे आहेत.

निवड होऊन शपथ झाली की पहिला नियम फोनचा. दाव्यातली कंपनी, रस्ता, डॉक्टर, वकील, न्यायाधीश, यांतलं काहीही गुगलवर शोधायचं नाही. अपघाताचा चौक नकाशावर उघडून पाहायचा नाही. शब्दकोशही नको, कारण कायद्यातल्या शब्दाचा अर्थ न्यायाधीश सांगतील तोच. तुम्ही रात्री घरी वाचलेलं दोन्ही वकिलांना दिसत नाही, त्यामुळे ते चुकीचं असलं तरी खोडून काढायला कोणी नसतं. चौकातला सिग्नल अपघातानंतर बसवलेला असू शकतो. नकाशातल्या फोटोवरून ते कळणार नाही. रोजच्या वाटेवर ती जागा लागत असेल तर जरूर जा, पण थांबून निरखू नका. असा शोध उघड झाला तर सुनावणी रद्द होऊन पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागू शकते, आणि मुद्दाम केलेला शोध न्यायालयाचा अवमान ठरतो.

घरी एवढंच सांगा: "मी ज्युरीवर आहे, साधारण इतके दिवस चालेल." नवरा-बायकोतही त्यापुढे नाही, व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नाहीच. कोणी खोदून विचारलं तर नकार द्या, तरी थांबत नसेल तर तिथून उठा आणि कोर्टाच्या कर्मचाऱ्याला कळवा. सहज्युररशीही, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा, खटल्याबद्दल बोलायचं नाही. चर्चा होते ती पुरावा आणि युक्तिवाद संपून प्रकरण ज्युरीकडे सोपवल्यावर. लिफ्टमध्ये वकील नमस्कारसुद्धा करणार नाहीत. त्याचा राग धरू नका, त्यांनाही बंदी आहे.

आपल्या लोकांची हमखास चूक होते ती दुभाष्याच्या बाबतीत. समजा साक्षीदार आजी मराठीत म्हणाल्या, "गाडी अंगावर आली," आणि दुभाष्याने सांगितलं, "गाडीने धडक दिली." तुम्हाला फरक लख्ख कळतो. तरीही पुरावा म्हणून धरायचं ते दुभाष्याचं वाक्य. शेजारच्या ज्युररच्या कानात खरा अर्थ सांगायचा नाही. भाषांतर चुकलंय असं वाटलं तर लगेच चिठ्ठी लिहून कर्मचाऱ्याकडे द्या. न्यायाधीश दोन्ही वकिलांसमोर त्याचा निर्णय करतील. व्यवसायातल्या ज्ञानाचंही असंच. ब्रेकवर काम करणाऱ्या इंजिनिअरने ज्युरीच्या खोलीत तज्ज्ञ साक्षीदार बनू नये, कारण त्याची उलटतपासणी कोणी घेतलेली नसते.

टिपणं काढता येतात, पण वही कोर्टातच ठेवायची. लिहिण्याच्या नादात साक्षीदाराच्या चेहऱ्यावरची नजर हटू देऊ नका. एखाद्या प्रश्नावर वकिलाने घेतलेली हरकत न्यायाधीशांनी मान्य केली तर त्या प्रश्नाचं उत्तर काय आलं असतं याचा अंदाज बांधायचा नाही.

ज्युरीच्या खोलीत १२ पैकी किमान ९ जणांचं एकमत लागतं. प्रत्येक प्रश्नाला तेच ९ असायला हवेत असं नाही. बहुतेक प्रश्नांना कसोटी एकच: वादीचं म्हणणं खरं नसण्यापेक्षा खरं असण्याची शक्यता जास्त आहे का? फौजदारी खटल्यातली 'वाजवी संशयापलीकडे' ही कसोटी इथे लावली तर वादीवर अन्याय होतो.

भरपाईच्या रकमेवर गाडी अडते तेव्हा कोणीतरी सुचवतं, "सगळ्यांनी आकडा लिहा, बेरजेला १२ ने भागू, येईल तो निकाल." असं आधी ठरवून घेतलेली सरासरी नियमबाह्य आहे. नाणेफेकही. सरासरी काढून त्यावर खरी चर्चा करायला मात्र हरकत नाही. "विमा कंपनी भरेलच की" हे वाक्य ऐकू आलं तर तिथेच थांबवा: विमा असण्या-नसण्याचा विचार करायचाच नाही. आणि कोणी चहा-कॉफीसाठी बाहेर गेलं तर बाराही जण परत येईपर्यंत चर्चा बंद.

निकाल दिल्यावर बोलायला मोकळीक असते, बोललंच पाहिजे असं नाही. माहितीच्या बदल्यात पैसे मात्र पहिले ९० दिवस घेता येत नाहीत.