झाडपाल्याची माहिती पुढच्या पिढीला देणारी बाग : या चुका टाळा

बाग हिरवीगार आहे, पाट्या रंगवल्यात, मुलं येतात, फोटो काढतात आणि जातात. वर्षभरानंतरही त्यांना अडुळसा ओळखता येत नाही. असं होत असेल तर बहुधा बाग फक्त बघण्यापुरती उरली आहे.

पाटी लावली की झालं, असं मानणं. पाटीवर नाव मावतं. पान कोवळं खुडायचं की जून, वेल कुठे कापली म्हणजे पुन्हा फुटते, हे तिथे मावत नाही. जाणत्या आजींना ‘मुलांना माहिती सांगा’ म्हटलं तर त्या दोन वाक्यांत थांबतात. हातात कात्री दिली की छाटता छाटता तासभर बोलतात. म्हणून बी वेचणं, छाटणी, रोपं लावणं अशी कामं आजी आणि नातवंडांना एकाच वाफ्यात द्या.

नावांचा घोळ तसाच ठेवणं. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. ‘ब्राह्मी’ या एकाच नावाने दोन वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. बॅकोपा मोनिएरीची पानं बारीक, जाडसर, समोरासमोर येणारी. सेंटेला आशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी, हिचं पान गोलसर, लांब देठाचं, कडेला दातेरी. दोन्ही ओलसर जमिनीवर पसरतात, त्यामुळे घोटाळा होतोच. दोन्ही शेजारी-शेजारी लावा, पाटीवर बोलीतलं आणि शास्त्रीय अशी दोन्ही नावं लिहा आणि पानं मुलांच्या बोटांत देऊन फरक त्यांनाच शोधू द्या. इटलीतल्या पादुआची बाग १५४५ साली उभी राहिली तीही विद्यार्थ्यांना खरी औषधी वनस्पती ओळखता यावी म्हणूनच.

विषारी झाडं उपटून टाकणं. कण्हेर, धोतरा, गुंज दिसलीच नाहीत तर मुलं त्यांच्यापासून सावध राहायला शिकणार कशी? कुंपणाआड लावा, लाल पाटी ठेवा, मोठं माणूस सोबत असू द्या. ‘चव घेऊन बघा’ असा कार्यक्रम मात्र कधीच नको. गुंजेचं बी चावलं गेलं तर जिवावर बेतू शकतं.

जाणत्यांचं न विचारता चित्रीकरण करणं. जनुकीय संसाधनांशी, म्हणजे वनस्पतींसारख्या सजीवांशी, जोडलेलं पारंपरिक ज्ञान वापरण्याआधी ते जपणाऱ्या समाजाची संमती घ्यावी, हे जैवविविधतेबद्दलच्या २०१० च्या आंतरराष्ट्रीय नागोया करारातही मान्य झालं आहे. काय जाहीर करायचं आणि काय घरातच ठेवायचं, हे सांगणाऱ्याला ठरवू द्या. नोंदीत त्यांचं नाव घालायचं का, हेही विचारा.

दरवर्षी नवी रोपं विकत आणणं. बी आपल्याच वाफ्यात धरा, सावलीत सुकवा. पाकिटावर तारीख लिहा आणि ते कोणाकडून आलं तेही. पुढच्या हंगामात ते पाकीट मुलांनाच उघडू द्या.