पणजोबा शोधायचे तर आधी शेत शोधा

माहेरच्या जमिनीचे जुने उतारे काढायला घेतले, तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, हिस्सा हवा असेल तर सरळ सांग की. कागद कशाला उकरतेस?" मला हिस्सा नको होता, पणजोबा हवे होते. पण लग्न होऊन गेलेल्या बाईनं तहसील कचेरीत अर्ज टाकला की गावात दुसरा अर्थ निघतच नाही. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की अर्जावर कोर्ट फी तिकीट चिकटवायच्या आधी भावकीत चहाला जाऊन या.

गाव आमचं पुरंदर तालुक्यातलं. सुरुवातीचे आठ महिने मी आडनाव शोधण्यात घालवले. ब्रिटिश अमदानीतल्या गावच्या कागदांत आडनाव असेलच याचा भरवसा नाही. तिथं माणूस 'अमुक बिन तमुक' असतो, म्हणजे तमुकचा मुलगा, आणि बाई 'अमुक कोम तमुक', म्हणजे तमुकची बायको. आमचं आजचं आडनाव आजोबा शाळेत गेले तेव्हा चिकटलं. त्यात पणजोबांच्याच नावाचे तिघं गावात. शेवटी मी माणूस सोडला आणि शेत धरलं. नावं बदलतात, शेत जागचं हलत नाही.

आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो, तो जुन्या कागदांत शोधू नका. जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं, त्या वेळी सर्व्हे नंबर मोडून गट पडले. कोणत्या सर्व्हे नंबराचा कोणता गट झाला, ते नऊ-तीन, नऊ-चारच्या उताऱ्यात कळतं. तो भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात मागायचा. सर्व्हे नंबर हाती आला की हातानं लिहिलेले जुने सातबारे काढा. त्यावर कंसात टाकलेली नावं म्हणजे कमी झालेली माणसं, आणि नावाशेजारी वर्तुळात लिहिलेला आकडा म्हणजे फेरफाराचा, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीचा, नंबर. तो आकडा वाचला की तो फेरफार काढायचा, त्यातून त्याच्या आधीचा, असं मागं मागं जायचं. वारसाचा फेरफार मिळाला तर सोनं, कारण त्यात कोण कधी मयत झालं आणि मागं कोण कोण राहिलं ते असतं. ही साखळी फार तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जाते; मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदाच १९०३ चा.

नावापुढच्या अक्षरांकडे दुर्लक्ष करू नका. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. असं असलं तर थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागलेलं असतं आणि धाकटे त्याच्यामागं दडलेले असतात. तुमचा पूर्वज 'सापडत नाही' त्याचं कारण बहुतेक हेच. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता; अज्ञान म्हणजे वयात न आलेला, आणि पालन कर्ता त्याच्या वतीनं बघणारा. त्यापुढं 'आई' असेल तर बाप लवकर गेला.

माझ्याशी सगळ्यात जास्त बोललं ते एक छोटं टिपण. फेरफारात पणजोबांचा हिस्सा '२ आणे ८ पै' असा होता. सोळा आणे म्हणजे पूर्ण शेत, आणि बारा पैंचा आणा. एकूण १९२ पै, त्यातल्या बत्तीस, म्हणजे सहावा भाग. पणजोबा दोघं भाऊ हे घरात माहीत होतं. दोघांचे मिळून ५ आणे ४ पै, म्हणजे बरोबर तिसरा हिस्सा. अर्थात त्यांच्या बापाच्या पिढीत तीन भाऊ होते. त्यातल्या बाकीच्या दोघांचा घरात कुणी कधी उच्चारही केला नव्हता.

हक्कनोंदीच्या मागं जायचं तर खतं, म्हणजे खरेदी-गहाणाचे दस्त, लागतात. दुय्यम निबंधक कार्यालयात स्थावराच्या दस्तांची सूची असते: एक नावांवरून, दुसरी मालमत्तेवरून. दुसरी बघा, सर्व्हे नंबर तिथं कामाला येतो. आमच्या भागाला आणखी एक फायदा आहे. १८७५ साली सुप्याला सावकारांविरुद्ध दंगे झाले, त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्याचं कर्जखत गावनिबंधकासमोर करावं लागे. त्यामुळे क्षुल्लक रकमेचीही खतं रीतसर लिहिली गेली. आणि कर्ज फिटलं की मूळ खत घरी परत यायचं. तेव्हा कचेरीआधी माळ्यावरची ट्रंक उघडा.

खत मोडीत असेल. शब्दांत जागा सोडत नाहीत, म्हणून एकदम वाचू नका. आधी ठरीव मजकूर ओळखा. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग होतात, पण तेवढ्यावर विसंबू नका, महत्त्वाचं पान जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. साल शकात दिलं असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा, शेवटच्या काही महिन्यांसाठी ७९. संवत्सराचं नाव पडताळून पाहा. शके १८११ म्हणजे विरोधी संवत्सर, इसवी १८८९. चतुःसीमा सोडू नका; पूर्वेला पश्चिमेला ज्यांची शेतं, ते बरेचदा भाऊबंदच असतात. साक्षीदारही तसेच.

मृत्युपत्र खेड्यात क्वचितच सापडतं, कारण एकत्र कुटुंबातला अविभक्त हिस्सा मृत्युपत्रानं देता येत नसे. स्वकष्टाची कमाई असलेला नातलग शोधा. आमच्याकडे तो मुंबईला गेलेला धाकटा भाऊ, गिरगावात किराणा दुकान. १८७० च्या हिंदू विल्स कायद्यापासून मुंबई शहरात हिंदूच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, लागायचं, म्हणून उच्च न्यायालयाच्या दप्तरात त्याचं १९३८ चं मृत्युपत्र मिळालं. त्यात 'माझे वडीलबंधू' म्हणून पणजोबा, आणि त्यांच्या तिन्ही मुलांची नावं वयांसकट. मृत्युपत्र नोंदवलेलं असेल तर निबंधकाकडं पुस्तक ३ मध्ये असतं, आणि करणारा वारल्यावर त्याची नक्कल कोणालाही मिळते. "तुम्ही वारस कशावरून" असं मला एका कचेरीत विचारलं. नोंदणी कायद्याचं कलम ५७ छापून नेलं, मग मिळाली.

ट्रंक शेवटी भावानंच उघडली. तळाशी १८८९ चं गहाणखत, पाठीवर रक्कम फिटल्याचा शेरा. पणजोबांचं वय त्यात सुमारे नऊ वर्षं, पालन कर्ती आई, तिचं नाव 'कोम' लावून. शेतकऱ्याची निशाणी नांगर असते, इथं नावाखाली एक वाकडा गोल आणि शेजारी कारकुनाचं अक्षर: 'निशाणी बांगडी'. घरात कुणाला तिचं नाव माहीत नव्हतं.

भावानं त्या पानाची झेरॉक्स मागून घेतली. हिश्शाचं काही बोलला नाही.